बोरघाट, आंबेनळी की नाणेघाट? घाटरस्त्याचा इतिहास बघायचा तर आधी कुठं जायचं

एक दिवस हाताशी आहे आणि घाट बघायचाय, पण धबधब्याखाली भिजलो, कणीस खाल्लं, रील काढलं आणि परत असं नाही, तर हा रस्ता इथं कसा आला, कोणी काढला, कुणाच्या सोयीसाठी काढला आणि त्याआधी लोक कुठून चढायचे हे बघायचंय, असं ठरवलेल्या पुण्या-मुंबईच्या माणसासाठी हे लिहितोय. तीनच पर्याय घेतलेत. ताम्हिणी, वरंधा, माळशेज, कसारा, कुंभार्ली, आंबोली यांच्या चाहत्यांनी रागावू नये, आंबोलीवर तर वेगळंच लिहावं लागेल. पण बोरघाट, आंबेनळी आणि नाणेघाट या तिघांना शेजारी शेजारी ठेवलं की सह्याद्री उतरायची दोन हजार वर्षांची गोष्ट जवळजवळ पूर्ण होते, म्हणून हे तीन.

घाईत असाल तर निकाल आत्ताच सांगून टाकतो. पहिल्यांदाच जाणार असाल आणि वळणावळणाचा रस्ता म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर आंबेनळी. ज्याला लेख, लेणी, व्यापार यात रस आहे त्यानं नाणेघाट. आणि बोरघाटात इतिहास सगळ्यात जास्त, पण बघायला सगळ्यात अवघड, त्यामुळे तो तिसरा, निदान कारने जाणार असाल तर. आता कारणं, आणि ती जरा लांबलचक आहेत.

आधी हे कळू द्या की वळण येतं कुठून

घाटरस्ता नागमोडी असतो हे आपण इतकं गृहीत धरलंय की तो तसा का असतो हा प्रश्नच पडत नाही. माणूस आणि पाठीवर ओझं घेतलेला बैल सरळ चढू शकतात, दम लागेल, दोन ठिकाणी बसावं लागेल, पण दगडात पायऱ्या खोदून दिल्या की काम होतं. म्हणून जुन्या वाटा बऱ्याच सरळ असतात, नाळेतून किंवा ओढ्याच्या कडेनं थेट वर. गाडीचं चाक मात्र असं चढत नाही, त्यातून मागं भरलेली बैलगाडी किंवा तोफ असेल तर मुळीच नाही. घाटरस्त्याला साधारण वीस फूट पुढं गेल्यावर एक फूट चढ चालतो असं धरा. खोपोली ते खंडाळा उंचीतला फरक अंदाजे १८०० फूट, म्हणजे वीसच्या हिशोबानं ३६,००० फूट रस्ता पाहिजे, जवळपास ११ किलोमीटर. आणि नकाशावर दोन्ही गावांमधलं सरळ अंतर त्याच्या निम्मंसुद्धा नाही. मग उरलेला रस्ता ठेवायचा कुठं? डोंगराच्या अंगावर घडी घालून. ती घडी म्हणजे वळण. रेल्वेचं इंजिन तर चाकापेक्षाही नाजूक, त्याला बोरघाटात ३७ फुटाला एक फूट यापेक्षा जास्त चढ देता आला नाही, म्हणून रेल्वेनं आणखी लांबचा फेरा घेतला आणि शिवाय बोगदे पाडले.

हे डोक्यात ठेवून तिन्हीकडे बघा म्हणजे फरक लगेच दिसेल. नाणेघाट पायाचा घाट आहे, आंबेनळी चाकाचा, आणि बोरघाटात पाय, चाक, इंजिन आणि मग शंभरच्या स्पीडची गाडी असे सगळे थर एकावर एक बसलेत.

नाणेघाट

जुन्नर आणि कोकण यांच्यामधली ही वाट. सातवाहनांच्या काळात जुन्नर मोठी पेठ, खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, आणि मधे ही डोंगराची चीर. दोन कड्यांच्या मधून दगडी फरसबंदी आणि पायऱ्यांची वाट खाली जाते. वर पोचलं की आधी तो मोठा दगडी रांजण दिसतो, जकातीचा म्हणतात तो, आणि मग गुहा.

गुहा हाच खरा माल आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा ब्राह्मीतला लेख, सातवाहन राणी नागनिकेचा, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला धरतात, काही अभ्यासक आणखी मागं नेतात. त्यात यज्ञांची यादी आहे, अश्वमेध, राजसूय वगैरे, आणि प्रत्येक यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दक्षिणा दिली त्याचे आकडे आहेत. हे आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरलेल्या आकड्यांपैकी आहेत, त्यामुळे गणिताच्या इतिहासवाल्यांनाही नाणेघाट तोंडपाठ असतो. मागच्या भिंतीवर आठ पुतळे होते, सिमुक सातवाहन, स्वतः नागनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिरो अशी नावं वर कोरलेली आहेत, पण पुतळे गेले, आता खाली पावलं तेवढी राहिलीत. इंग्रजी अमदानीत १८२०-३० च्या सुमारास कर्नल साइक्सनं या लेखाकडे लक्ष वेधलं आणि पुढं भगवानलाल इंद्रजींनी त्याच्या वाचनावर मोलाचं काम केलं.

आता गंमत अशी की राणीनं आपल्या घराण्याची ही एवढी जाहिरात राजवाड्यात न लावता घाटमाथ्यावर लावली, जिथं प्रत्येक व्यापारी, प्रत्येक तांडेवाला दम घ्यायला थांबणार आणि जकात भरणार. टोलनाक्यावर सत्ताधाऱ्यांचा फ्लेक्स लावायची पद्धत आपल्याकडं किती जुनी आहे बघा.

नाणेघाटाची कमतरता कुठं? एक तर इथं वळणदार रस्ता असा नाहीच. जुन्नरकडून घाटघरमार्गे गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, तो रस्ता पठारावरचा आहे, घाट नाही. खरा घाट बघायचा तर खालून चढावं लागतं, कल्याण-मुरबाड-माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे गाव आहे तिथून पुढं वाट लागते, सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास, शहरी गुडघ्यांना तीन धरा. माझं मत विचाराल तर नाणेघाट वरून बघून परत जाणं म्हणजे अर्धाच बघणं, कारण गुहेपेक्षा त्या पायऱ्या जास्त बोलतात, दगड कसा झिजलाय, कुठं रुंद होतो, कुठं बैल वळवायला जागा ठेवलीय. पण घरात म्हातारी माणसं असतील तर वरून जाता येतं हा मोठा फायदाच आहे, आणि तिघांपैकी वयाचं बंधन सगळ्यात कमी इथंच, उलटं वाटलं तरी.

दुसरी कमतरता म्हणजे मधल्या काळाचा इतिहास दिसत नाही. सातवाहन दिसतात, शेजारी जीवधन किल्ला आहे त्यामुळे पुढच्या राजवटींची चाहूल लागते, पण चाकाचा जमाना आला आणि गाडीरस्ता शेजारी माळशेजला गेला. घाट तिथंच थांबला. म्हणून तर तो वाचला, नाहीतर त्या पायऱ्यांवर डांबर कधीच पडलं असतं.

बोरघाट

इथं नेमकं उलट झालंय, काहीच थांबलं नाही.

सुरुवात तितकीच जुनी आहे. वर कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी, खाली कर्जतकडे कोंडाण्याची, मधे पहाऱ्याला राजमाचीचा किल्ला, आणि कार्ल्याच्या चैत्यात यवन आणि दूरदूरच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख, म्हणजे या बाजूनंही व्यापार चढत-उतरत होता हे उघड आहे. फक्त वाट एक नव्हती. राजमाचीकडून एक, कुरवंडे म्हणजे नागफणीजवळून एक, आणि खोपोली-खंडाळ्याची. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानानं पाठवलेला कारतलबखान याच भागातून कोकणात उतरायला निघाला आणि शिवाजी महाराजांनी त्याला खाली उंबरखिंडीत गाठला, दोन्ही बाजूंना डोंगर, मधे अरुंद वाट, पाणी नाही, शेवटी त्याच्याबरोबरच्या रायबागन या स्त्री सरदाराच्या सल्ल्यानं खानानं शरणागती पत्करून सुटका करून घेतली. उंबरखिंडीचं स्मारक खोपोली-पाली रस्त्याकडून चावणी गावाजवळ आहे, बोरघाटाला जाणारे हजारातले नऊशे नव्व्याण्णव तिकडं फिरकत नाहीत.

मग इंग्रज. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलकडून हा घाट चढली, माणसं चारेक हजार आणि सामान ओढायला एकोणीस हजारांवर बैल असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. बैलांचा तो आकडाच सांगतो की रस्ता नव्हता. मुंगीच्या पावलानं चालत ते कार्ल्यापर्यंत आले, तिथं कॅप्टन स्टुअर्ट म्हणजे आपला इष्टूर फाकडा पडला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना तह करायला लावला. महादजी शिंद्यांचं स्मारक वडगाव मावळात आहे, पुण्याहून येताना आधी तेच लागतं. त्या एका मोहिमेनंतर इंग्रजांना या घाटाची किंमत कळली असणार असं मला वाटतं, कारण पुढं वेलस्लीनं १८०४ मध्ये तोफा नेता येतील इतपत रस्ता करून घेतला, हाच तो पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि नागफणीला ड्यूक्स नोज म्हणतात ते त्याच्याच नाकावरून.

तरी हा रस्ता भयंकर चढाचा होता. १८२५ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर इथून गेला तेव्हा रस्ता रुंद आहे, चांगला आहे, पण इतका उभा की भरलेली गाडी चढत नाही, लोक एकतर चालतात नाहीतर घोड्यावर बसतात आणि माल सगळा जनावरांच्या पाठीवर, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे रस्ता होता, वळणं पुरेशी नव्हती! ती वळणं आली १८३० मध्ये. गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत कॅप्टन ह्यूजच्या देखरेखीखाली गाडीरस्ता झाला आणि १० नोव्हेंबर १८३० ला तो उघडला. कोकण आणि देश यांच्यातली भिंतच पाडली अशा अर्थाचं माल्कमनं लिहून ठेवलंय, आणि फुशारकी वाटली तरी त्यात फारसं खोटं नाही, कारण त्याआधी मीठ वर आणि धान्य खाली नेणारे वंजाऱ्यांचे बैल होते, त्यानंतर गाड्या.

या १८३० च्या कामातली सगळ्यांना माहीत असलेली एक खूण होती, अमृतांजन पूल. बामच्या जाहिरातीवरून ते नाव पडलं, मूळ पूल माल्कमच्या काळातला. एक्स्प्रेसवे त्याच्या कमानीखालून गेला, खांबांमुळे तिथं रस्ता आवळायचा, अपघात आणि जाम रोजचे, शेवटी एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा मिळाला तेव्हा स्फोट करून पाडला. ट्रॅफिकच्या दृष्टीनं बरोबरच होतं असं मी म्हणेन, पण इतिहास बघायला निघालेल्या माणसाच्या दृष्टीनं बोरघाटाचा एक मार्क त्या दिवशी गेला.

आता रेल्वे. खरं सांगायचं तर बोरघाटाचं सगळ्यात मोठं प्रकरण हेच आहे. १८५६ मध्ये काम सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला घाट उघडला. २५ बोगदे, पावणेसोळा मैलांचा चढ, १८३१ फूट उंची. मधल्या काळात अशी परिस्थिती होती की खाली खोपोलीपर्यंत रेल्वे, वर १८५८ पासून खंडाळा ते पुणे रेल्वे, आणि मधला घाट पालखीत, घोड्यावर नाहीतर पायी. म्हणजे आज मेट्रो अर्धवट झाल्यावर मधे रिक्षा करतो तसंच. एका वेळी कामावर ४२,००० पर्यंत माणसं होती. कॉलरा आणि तापाच्या साथींनी माणसं मेली, त्यांची नावं कुठं नाहीत. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकल्यामुळे कामगारांनी दंगा केला, पहिल्या कंत्राटदाराचं काम गेलं, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यातच इथं वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट स्वतःकडे ठेवून दोन इंजिनियरांकरवी काम पुरं करून घेतलं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली.

आणि रेल्वेलासुद्धा एका जागी वळायला जागा पुरली नाही, तेव्हा त्यांनी रिव्हर्सिंग स्टेशन काढलं, म्हणजे गाडी एका तोंडानं वर येणार, थांबणार, इंजिन दुसऱ्या टोकाला लागणार आणि मग उलट्या दिशेनं पुढचा चढ चढणार. हे १९२९ पर्यंत चाललं, मग नवीन बोगदे पाडून मार्ग बदलला. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. आजही कर्जतला मागं बँकर म्हणजे ढकलायची इंजिनं लागतात आणि तेवढ्या थांब्यात वडा खाल्ला जातो, १८६३ च्या चढाचा हा एकमेव फायदा जो सगळ्यांच्या लक्षात आहे.

शिंग्रोबाचं सांगायचं राहिलं. जुन्या रस्त्यानं खोपोलीहून चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं, ड्रायव्हर लोक नाणं टाकतात, हात जोडतात. गोष्ट अशी सांगतात की साहेबांना घाटातून मार्ग सापडेना, तो एका धनगरानं आपल्या मेंढरांच्या वाटेनं दाखवला, बक्षीस काय पाहिजे विचारल्यावर आम्हाला स्वातंत्र्य द्या म्हणाला आणि त्याला गोळी घातली. कुणी ही गोष्ट रस्त्याची म्हणून सांगतं, कुणी रेल्वेची. ती अक्षरशः अशी घडली का हे सोडा, पण नकाशावर रेघ मारणाऱ्याच्या आधी मेंढरामागं चालणाऱ्याला डोंगर माहीत होता, एवढं तर कुठल्याही घाटाबद्दल खरं आहे.

मग एवढं सगळं असून बोरघाट तिसरा का? कारण थांबता येत नाही. एक्स्प्रेसवे २००२ पासून पूर्ण चालू आहे, त्यावर थांबायला बंदी आणि ती असायलाच हवी, दुचाकीला प्रवेशच नाही. जुना रस्ता आहे पण त्यावरून जाणारे ट्रक तुमच्या इतिहासप्रेमासाठी ब्रेक मारणार नाहीत. तुम्ही दोन हजार वर्षं अर्ध्या तासात पार करता आणि लक्षात राहतं ते फक्त कुठल्या लेनमध्ये कंटेनर आडवा आला ते. शिवाय एक्स्प्रेसवे आणि त्याच्या बोगद्यांनी वळणं सरळ करत आणलीत, म्हणजे वळणदार घाटाचा इतिहास बघायला जाऊन वळण नाहीसं होताना बघायचं.

यावर उपाय आहे, पण त्यासाठी कार घरी ठेवा. मुंबईहून किंवा पुण्याहून दिवसा जाणारी गाडी पकडा, कर्जत-लोणावळा टप्प्यात दारी नाही, खिडकीत बसा. लोणावळ्यात उतरून राजमाची पॉइंटवर जा, तिथून खाली दरी, समोर राजमाची, आणि रस्त्यांचे पट्टे एका नजरेत येतात. संध्याकाळी कार्ले. असं केलंत तर बोरघाट पहिल्या नंबरला जाऊ शकतो, हे मान्य.

आंबेनळी

महाबळेश्वर ते पोलादपूर, अंदाजे चाळीस किलोमीटर, साडेचार हजार फुटांवरून जवळजवळ समुद्रसपाटीला. मधे एकदा कोयनेच्या खोऱ्यात उतरायचं, प्रतापगडाच्या खांद्यावरून पुढं जायचं आणि मग कोकणात कोसळायचं. आजूबाजूला गर्दी आहे ती महाबळेश्वरात आणि प्रतापगडावर, मधला रस्ता आणि गडापासून खालचा रस्ता तर निवांत असतो.

ही जावळी. घाट अवघड असणं हेच इथलं संरक्षण होतं, बखरीत जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या तोंडी ‘येता जावळी, जाता गोवळी’ असा दम आहे तो याच जंगलाच्या आणि वाटांच्या जोरावर. १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली, प्रतापगड बांधला तो मुळात इथल्या पारघाट या जुन्या वाटेवर नजर ठेवायला. वाईकडून माल यायचा, रडतोंडी घाटानं पारच्या खोऱ्यात उतरायचा, पुढं पारघाटानं कोकणात आणि तिथून सावित्रीच्या खाडीनं बाणकोटकडे. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून याच रडतोंडीनं हत्ती, तोफा, लवाजमा घेऊन पारला उतरला. नकाशा बघितला की तो प्रसंग वेगळाच कळतो, एवढी फौज या वाटेनं आत आणणं म्हणजेच अर्धी लढाई हरणं होतं, आणि तो मारला गेला १० नोव्हेंबरला. माल्कमच्या बोरघाटाची तारीखही १० नोव्हेंबर, निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

पार या गावाला मुद्दाम जा. वाडा कुंभरोशीवरून जवळ आहे, रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा जुना दगडी पूल, शिवकालीन म्हणून ओळखला जातो. प्रतापगडाला येणाऱ्या बसेसमधले फार थोडे तिकडं वळतात.

इंग्रजी थर इथंही माल्कमपासूनच. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून कंपनीनं महाबळेश्वर घेतलं, बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं (बोरघाटातलं नव्हे हो, दुसरं). मग मुंबईचे साहेब उन्हाळ्यात वर यायला लागले, बोटीनं बाणकोट, दासगाव, तिथून महाड आणि पुढं पालखीत बसून घाट. सुरुवातीला जुनी रडतोंडीच सुधारून वापरली, साहेबांच्या कागदांत ती रोटंडा. पण पालखीला जमतं ते गाडीला जमत नाही, हाच मगाचचा हिशोब, आणि मुंबई सरकारचं उन्हाळी बस्तान एकदा इथं बसल्यावर गाडीरस्ता हवाच होता. तो झाला १८७० च्या दशकात आणि त्याला नाव दिलं फिट्झजेराल्ड घाट, १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या सेमूर फिट्झजेराल्डवरून. आपण म्हणतो आंबेनळी.

म्हणजे इथं बघा काय मिळतं. पायाची वाट (पारघाट, रडतोंडी), तीच वाट सुधारून केलेला पालखीचा रस्ता, आणि नंतर मुद्दाम चाकासाठी आखलेला रस्ता, तिन्ही एकाच खोऱ्यात, आणि एकानं दुसऱ्याला पुसलेलं नाही कारण गाडीरस्त्यानं वेगळी धार पकडली. बोरघाटात हे थर एकमेकांवर रचलेत, इथं शेजारी शेजारी पसरलेत. प्रतापगडाच्या तटावर उभं राहून कोकणाकडे तोंड केलं की खाली रस्ता घडी घालत उतरताना दिसतो आणि पारघाटाची दिशाही कळते, एका जागेवरून एवढी तुलना मला दुसऱ्या कुठल्या घाटात सापडली नाही. जिथं रुंद जागा आहे तिथं गाडी लावून जुने दगडी कठडे, मोऱ्या बघता येतात, मागून कोणी हॉर्न मारत नाही, मारला तरी तो एसटीवाला आणि त्याला खरंच पुढं जायचं असतं.

आंबेनळीचं वाईट ते पण सांगतो. पावसाळ्यात जाऊ नका. इथं कोणी शहाणपणा करू नये. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि बरेच दिवस बंद राहिला, त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळीये गाव दरडीखाली गेलं. त्याआधी २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत जाऊन तीस जण गेले, एकच वाचला. रस्ता अरुंद आहे, धुक्यात समोरचं वळण दिसत नाही, नेटवर्क मधेमधे जातं. ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात, वळणांचा इतिहास पोटातून कळतो.

मग ठरवायचं कसं

पावसाळा असेल तर आंबेनळी बाद, नाणेघाट शनिवार-रविवार सोडून (गर्दी इतकी असते की गुहेपर्यंत जाताना धक्के खावे लागतात, जो तो उलटा धबधबा बघायला आलेला), आणि बोरघाट रेल्वेनं. खरं तर पावसात रेल्वेचा बोरघाट हाच तिघांत सरस आहे, ओला बोगदा, ओली दरी, आणि दरड आली तर निस्तरायला रेल्वेची माणसं आहेत, तुम्ही नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सरळ आंबेनळी. पुण्याहून पहाटे निघालात तर महाबळेश्वरात न रेंगाळता थेट खाली या, आधी पार, मग प्रतापगड, मग दुपारी घाट उतरून पोलादपूर. परत येताना त्याच घाटानं या, वरंधाने परत येऊ म्हणणारे असतात, एका दिवसात दोन घाट होतात पण बघणं एकाचंही होत नाही. एसटीने जाता येतं पण गाड्या मोजक्या, डेपोत वेळ विचारून घ्या, नाहीतर कुंभरोशी फाट्यावर बसून राहाल. मुंबईकरांनी गोवा हायवेनं पोलादपूरला येऊन खालून चढावं, ते मला जास्त आवडतं, कारण सगळा इतिहास चढायचा आहे, उतरायचा नाही, बैल काय, तोफ काय, रेल्वे काय, रडत आले ते चढताना.

मार्च ते मे नाणेघाट खालून चढू नका, पायऱ्या तापतात, सावली नाही. वरून जायचं असेल तर सकाळी लवकर, उजेड तिरपा असतो तेव्हा अक्षरं जरा उठून दिसतात, दुपारी नुसती भिंत दिसते. जाण्याआधी लेखाचं मराठी भाषांतर वाचून जा किंवा फोनमध्ये उतरवून घ्या, तिथं गेल्यावर शोधत बसू नका.

शाळेतली मुलं बरोबर असतील तर? माझं मत बोरघाट, रेल्वेनं, बोगदे मोजायला लावा, २५ येत नाहीत कारण मार्ग बदललाय, मग का येत नाहीत ते विचारतील आणि तिथून सांगायला सुरुवात होते. ज्याला दोन दिवस आहेत त्यानं मात्र जोडी लावावी, पहिल्या दिवशी नाणेघाट खालून पायी, जुन्नरला मुक्काम, लेण्याद्री हवं तर, आणि दुसऱ्या दिवशी लोणावळा. आंबेनळी या जोडीत बसवू नका, तिला वेगळा दिवस द्या. आणि प्रतापगडावर गाईड केलात तर त्याला भेटीच्या जागेऐवजी आधी पारघाट कुठून जातो ते दाखवायला सांगा, काही जण दाखवतात, काही जण म्हणतात साहेब ते कोणी बघत नाही.